घाणेरी उपटणाऱ्या सिस्टर

सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या मनगटापर्यंत अळ्या होत्या. घाणेरीच्या झुडपाखाली कुणीतरी कोंबड्यांची आतडी काळ्या पिशवीत बांधून फेकली होती आणि मूळ चाचपताना सिस्टरचा हात नेमका त्या पिशवीत गेला. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, आता बाई किंचाळणार. त्यांनी हात बाहेर काढला, झटकला, गवताला पुसला, नाकाशी नेऊन एकदा हुंगला आणि म्हणाल्या, "फार जुनं नाही. परवाचं असेल." मग ती पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि तोच हात पुन्हा त्याच भोकात घातला. मी सागाच्या झाडामागे जाऊन सकाळचा चहा ओकून आले.

परत आले तेव्हा त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. "नवीन गो तू?"

"हो. आजच आले."

"बरं झालं ओकलीस ते. पोट रिकामं असलं की वाकायला सोपं जातं."

त्यांचं नाव सुमन परब, हे मला खूप उशिरा कळलं. आमच्या रविवारच्या गटात त्या नुसत्या 'सिस्टर' होत्या. सगळी नोकरी महापालिकेच्या दवाखान्यात गेलेली, त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात. वडील मालवणकडून गिरणीत कामाला आलेले. गिरणी गेली, चाळीतली खोली गेली, आणि सिस्टर शेवटी मुलुंडला एका जुन्या इमारतीत राहायला आल्या. बुटक्या, रुंद, पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा, सलवार-कमीज आणि पायात गमबूट. ओढणी कमरेला अशी आवळलेली की कुणाचं तरी आता काही खरं नाही असं वाटावं.

आम्ही जिथे काम करायचो तो उतार राखीव जंगलाच्या भिंतीबाहेरचा. म्हणजे कुणाचाच नव्हे, आणि म्हणून सगळ्यांच्या कचऱ्याचा. मुलुंडच्या त्या टोकाला नवे टॉवर झाले आहेत. त्यांच्या जाहिरातीत 'जंगलाच्या कुशीत' असं लिहिलेलं असतं. त्या कुशीत काय काय फेकलेलं असतं ते जाहिरात लिहिणाऱ्याला एकदा दाखवायला हवं. लहान मुलांची डायपर्स, गणपतीचं थर्माकोल, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅड, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या (देवाचं म्हणून गाठ पक्की), दारूच्या बाटल्या, फुटके कमोड. कमोड जंगलात कसा येतो, कोण खांद्यावर वाहून आणतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आणि या सगळ्यावर घाणेरीचं रान माजलेलं. दोन पुरुष उंच, काटेरी, एकमेकांत गुंतलेलं. गुलाबी-पिवळी फुलं दिसायला गोड. पण पान चुरगळलं की मांजराच्या मुतात लिंबू पिळल्यासारखा वास येतो. बाहेरून आलेली, बागेत हौसेने लावलेली ही झुडपं रानभर पसरली आणि त्यांच्याखाली दुसरं काही उगवेनासं झालं. नावच घाणेरी. आपल्या लोकांनी निदान नाव तरी खरं ठेवलं.

मी तिथे का गेले, तर मला जेवण जात नव्हतं. माझी आई दोन वर्षं अंथरुणात होती. घरात आम्ही दोघीच. ऑफिस सांभाळून मी तिचं सगळं केलं. ती गेली, पण तो वास गेला नाही. मलमाचा, जखमेचा, ओल्या चादरीचा. भाताची वाफ नाकात गेली की तो यायचा. दूध उकळलं की यायचा. मी दिवसातून कितीतरी वेळा हात धुवायची, कातडी सोलवटून निघाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जंगलासाठी एक रविवार' असा मेसेज फिरत होता. मोकळी हवा म्हणून मी गेले, आणि पहिल्या अर्ध्या तासात वर सांगितलं ते घडलं.

दुसऱ्या रविवारी मी जाणार नव्हते. पण सिस्टरचा फोन आला. नंबर त्यांनी गटाच्या सुहासकडून घेतला होता. "वृंदा ना? आज येते आहेस. माझ्याबरोबर राहा." प्रश्न नव्हताच. वॉर्डात ड्युटी लावावी तशी त्यांनी मला लावून घेतलं.

काम शिकवायची त्यांची पद्धतही वॉर्डातलीच. नवीन माणूस आला की घाणेरीच्या फांद्या वरून सपासप कापत सुटतो. दहा मिनिटांत मोठा ढीग होतो, त्याला वाटतं आपण पराक्रम केला. सिस्टर त्याचा हात धरायच्या. "अरे, वरून कापून काय उपयोग? वरून टाके घातले आणि आत पू ठेवला, तर पेशंट बरा होतो काय?" मग फांद्या हाताने बाजूला सारत, ओरखडे घेत बुंध्यापर्यंत जायचं. आधी आत घरटं नाही ना ते बघायचं. जमिनीखाली मुळाची एक गाठ असते, तिच्या खाली कुदळीचा घाव घालायचा आणि सगळं झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. सुलटं ठेवलं तर पडल्या पडल्या पुन्हा रुजतं, इतकं बेशरम. सगळे हातमोजे घालत. सिस्टर घालत नसत. "मोजे घातले की नाडी लागत नाही," म्हणत. त्यांच्या हातांवर इतके व्रण होते की नवा कुठला, जुना कुठला, सांगता आलं नसतं.

एकदा मला खाजकुयली लागली. घाणेरीतून तिचा वेल गेला होता, ते मला दिसलं नाही. शेंगेची कुसं मानेवरून थेट पाठीत गेली. मी नाचायला लागले. अंग ओरबाडत, रडत, शिव्या देत. गटातली मंडळी आधी घाबरली, मग हसू दाबायला लागली. सिस्टरनी मला ओढत ओढ्याकडे नेलं, ओला चिखल उचलला आणि पाठीवर थापला. तो काळा, कुजका, बुळबुळीत चिखल. एरवी मी मेले असते. वाळल्यावर त्यांनी तो खरवडून काढला, त्याबरोबर कुसंही निघाली. "कसं वाटतं?"

"घाण," मी म्हटलं.

"पण खाज?"

"गेली."

"मग घाण कोण गो त्यातली?"

त्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. माझ्या नखांत चिखल होता, हातांना घाणेरीचा वास येत होता, ओढ्याच्या पाण्यात मी हात नुसते बुडवून काढले होते. मी एक घावण खाल्लं. मग दुसरं. उसळीच्या वाफेत मला खोबरं आणि मिरी यांचाच वास आला, दुसरा कसलाच नाही. तिसऱ्या घावणाला माझ्या लक्षात आलं की मी जेवते आहे. सिस्टरनी आपला अर्धा वाटा माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत राहिल्या. आईबद्दल मी त्यांना तेव्हाच सांगितलं. वासाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "किळस येते तिला काय करणार? नाक आहे, येणारच. मलासुद्धा पहिली दोन वर्षं यायची, बाथरूममध्ये जाऊन रडायची मी." उठताना म्हणाल्या, "किळस नाकाला येते आणि शिसारी कातडीला. ती दोन्ही साबणाने जातात. तिटकारा डोक्याला येतो, तो नाही जात. त्याला जपून."

त्यांचा स्वतःचा तिटकारा मात्र भरघोस होता, आणि तो माणसांसाठी राखून ठेवलेला होता. अळ्या, जळवा, मेलेला उंदीर, यांना त्या 'बाळा' म्हणत. माणसांना 'मेल्या' म्हणत.

हिवाळ्यात कंपन्यांची मंडळी यायची. एसी बस, सगळ्यांच्या अंगात एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर वसुंधरेबद्दल काहीतरी इंग्रजीत. तासाभरात त्यांचे फोटो व्हायचे. एका झुडपाला बारा जण धरून ओढताहेत, हसताहेत. मग खोकी यायची. सँडविच, केक, पाण्याच्या छोट्या बाटल्या. एक घोट पिऊन बाटली टाकायची आणि दुसरी उघडायची, कारण पहिली कुठली ते आठवत नाही. एका रविवारी अशीच एक टोळी निघून बसमध्ये बसली आणि मागे साफ केलेल्या जागेवर बाटल्या, खोकी, क्रीम लागलेले टिश्यू, आणि एक केक अर्धा खाऊन त्यात विझवलेली सिगरेट. सिस्टरनी गोणपाट घेतलं, सगळं भरलं, बसच्या दारात चढून ते मधल्या वाटेत ओतलं. "तुमचं सामान राहिलं होतं," म्हणाल्या. मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, "आंटी, चिल." सिस्टर त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "शिरा पडो तुझ्या तोंडार," आणि खाली उतरल्या. त्याला शिवीचा अर्थ कळला नसावा. त्याने हात हलवून बाय केलं.

सुहास, म्हणजे आमचा गट चालवणारा, फार वैतागला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मनाने वाईट नव्हता, पण त्याला सगळ्यांशी गोड राहायचं होतं. "सिस्टर, हेच लोक आपल्याला कुदळी देतात, यार. असं नाही ना चालत."

"कुदळ देतात तर देऊ देत. मी केक मागितला होता?"

त्यांच्या मुलालाही हे पसंत नव्हतं. संदेश बोरिवलीला राहायचा, बायको-मुलीसह. त्याचं म्हणणं, आईने आता आरामात त्यांच्याकडे येऊन राहावं. एकदा मी सिस्टरच्या घरी होते तेव्हा तो आला होता. आईच्या हातांकडे बघून त्याचं तोंड कडू झालं. "जन्मभर लोकांची घाण काढलीस, आता जंगलाची काढतेस? तुला दुसरं काही सुचत नाही का गं? भजनाला जा, फिरायला जा. माझ्या ऑफिसात कुणाला सांगू मी, माझी आई काय करते म्हणून?"

सिस्टर चहा गाळत होत्या. चिडल्या नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "त्याला वाटतं मी उपकार करते कुणावर. उपकार कसले? वॉर्डात पेशंट बरा झाला की घरी जातो. मागे वळून बघत नाही, आणि बघूही नये, चांगलं लक्षण नाही ते. पण मला कधी कुणी बरं झालेलं नंतर दिसलंच नाही. खाट रिकामी, लगेच दुसरा. हयसर, रानात मात्र जे बरं होतं ते तिथेच राहतं. पुढच्या रविवारी गेलं की असतंच. मला ते बघायला मिळतं." कप माझ्या हातात देत त्या जवळजवळ लाजल्या. "स्वार्थ आहे गो माझा. दुसरं काही नाही."

सिस्टरना बघायला मिळालं त्यातलं सगळ्यात मोठं जे, ते मेच्या शेवटी आलं. दोन हंगामांपूर्वी साफ केलेल्या तुकड्यावर एका सकाळी भयंकर वास येत होता. कुत्रं किंवा डुक्कर मरून फुगलं असणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या दिवशी एका कॉलेजची मुलंमुली आली होती, ती नाकं दाबून लांब पळाली. दोघींना उलट्या झाल्या. मी सिस्टरच्या मागून गेले. मेलेलं काही नव्हतं. उघड्या मातीतून, पान नाही, दांडा नाही, थेट जमिनीतून एक फूल वर आलं होतं. जांभळं-तपकिरी, सुरकुतलेलं, बोकडाच्या भेज्यासारखं, भोवती मळकट झालर. त्यावर माश्या आणि काळे किडे घोंघावत होते. वास सडक्या मांसाचा, तंतोतंत. इतकी ओंगळ वस्तू मी रानात कधी पाहिली नव्हती.

"सुरण," सिस्टर म्हणाल्या. "जंगली सुरण." त्या गुडघ्यांवर बसल्या, पुढे वाकल्या आणि त्या फुलात नाक घालून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "कंद खाली होता बघ. घाणेरीच्या खाली, इतकी वर्षं, काळोखात. मेला नव्हता. ऊन लागलं आणि आला." मग हसायला लागल्या. "आणि आला तो कसला वास घेऊन! माझा जुना वॉर्डच आला."

त्या उतारावर तशी आणखी काही फुलं निघाली. बाहेरचा कुणी आला की सिस्टर त्याला कौतुकाने तिकडे न्यायच्या आणि तो हिरवा-पिवळा होऊन परतायचा. गुलाबाचा ताटवा दाखवावा तसा त्यांचा थाट असे. पावसाळ्यात फुलं गळाली आणि त्या जागी ठिपक्याठिपक्यांचे दांडे आले, त्यांवर छत्रीसारखी पानं. शेजारी कुड्याची रोपं, करवंदीची जाळी, रानहळदीचे तुरे. दर रविवारी कुदळ उचलण्याआधी आम्ही त्या तुकड्यावर एक चक्कर मारायचो.

मग भाऊ आले. ते कोण, ते सांगत बसत नाही. प्रत्येक वस्तीत एक भाऊ असतो आणि त्याचा वाढदिवस पावसाळ्यात असतो. त्यांना वृक्षारोपण करायचं होतं. त्यांच्या माणसांनी टेकडी पाहिली, आणि सगळ्या घाणेरीच्या रानात एकच मोकळी जागा त्यांच्या नजरेत भरली. ती आमची. रविवारी आम्ही वर पोचलो तेव्हा खड्डे खणून झाले होते. मंडप होता, भाऊंच्या दातांचा फ्लेक्स होता, लाउडस्पीकर होता. खड्ड्यांच्या कडेला मातीच्या ढिगांवर सुरणाचे कंद पडले होते. फावड्याने अर्धे कापलेले, आतलं पिवळट मांस उघडं पडलेलं. मोडलेली पानं पायदळी चिखलात गेली होती. वर बिर्याणीच्या बॉक्सचे दोन टेम्पो येऊन थांबले होते, आणि गर्दीतला एकजण रानहळदीवर उभा राहून गुटखा थुंकत होता. सावकाश, चवीने, एकाच पानावर नेम धरून.

लावायला आणलेली रोपं गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची. म्हणजे पुन्हा बाहेरून आलेलीच, झपाट्याने वाढून बाकीच्यांना दाबणारी. मला रागही आला नाही. नुसता उबग आला. आपल्या माणसांचा, शहराचा, स्वतःचासुद्धा, इतका की तिथेच बसून घ्यावंसं वाटलं.

सुहास धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, प्लीज. मला कालच कळलं. आज काही बोलू नका. पुढची परवानगी त्यांच्याच हातात आहे. भाऊ आपल्या गटाचा सत्कार करणार आहेत, ज्येष्ठ म्हणून तुमचा. दहा मिनिटं फक्त उभ्या राहा."

सिस्टर मंडपात जाऊन उभ्या राहिल्या. भाऊंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो झाले. मग भाऊ माइकवर म्हणाले, "मला यांचं मोठं कौतुक वाटतं. पण एक प्रेमाची सूचना करतो. ताई, झाडं उपटू नका! झाडं लावा! बघा, इथे केवढी मोकळी जागा पडली होती." लोक हसले, टाळ्या वाजल्या.

सिस्टरनी नारळ टेबलावर ठेवला. खांद्यावरची शाल काढली. मंडपाच्या पुढ्यात, सगळ्यांच्या समोर, चिखलात पसरली. मग त्या वाकल्या आणि खड्ड्यांच्या कडेचे कंद वेचून त्या शालीवर ठेवू लागल्या. सगळे, कापलेलेसुद्धा. भाऊंचं भाषण चालू होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मोबाईल सगळे सिस्टरकडे वळले होते. मी गेले आणि वेचायला लागले. कंदाच्या चिकाने हात पेटल्यासारखे खाजत होते. आम्ही शालीची गाठ मारली, दोघींनी दोन टोकं धरली आणि टेकडी चढून वर गेलो. मागून कुणीतरी शिटी मारली. वरच्या अंगाला कड्याखाली, जिथे मंडप घालता येणार नाही अशा जागी, सिस्टरनी एकेक कंद पुरला. कापलेल्या भागांना आधी राख चोळली. बिर्याणी गरम ठेवायला टेम्पोत कोळशाची शेगडी होती, राख त्यांनी येता येता तिच्यातून मागून घेतली होती. त्याही अवस्थेत त्यांना ते सुचलं होतं.

ती क्लिप सगळीकडे फिरली. 'आजीचा स्वॅग' वगैरे. आठवड्याने सुहास सिस्टरच्या घरी आला. मी तिथेच होते. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "थोडे दिवस तुम्ही नका येऊ. फक्त थोडे दिवस. नाहीतर ते पूर्ण गटच बंद करतील."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाईट काय वाटायचं? बदली झाली. नोकरीत किती झाल्या." त्याला त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि तिथेच, दाराला पाठ लावून बराच वेळ थांबल्या. मग मला म्हणाल्या, "कड्याखालचे किती जगले, बघून सांग हां."

मी म्हटलं, "मीही सोडते. त्या सुहासचं तोंडसुद्धा बघवत नाही मला."

त्या माझ्यावर अशा उखडल्या की आजवर कधी उखडल्या नव्हत्या. "डॉक्टर आवडत नाही म्हणून वॉर्ड सोडतात काय गो? माझ्यावर उपकार नकोत. जेवतेस ना आता? झोप लागते? मग जायचं. गप जायचं."

मग त्या गावी गेल्या. बोरिवलीला मुलाकडे नाही, मालवणकडे, विधवा बहिणीच्या घरी. हायवेवरून रात्रीची बस सुटायच्या आधी मी भेटायला गेले. सामान एक पिशवी आणि गमबूट. "तिथे रानमोडी माजली आहे म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क उत्साह होता. "घाणेरीची बहीणच ती. ओल्या मातीत हातानेच उपटता येते, कुदळ नको." गाडीत चढताना मागे वळून म्हणाल्या, "तुका भूक लागली की माका फोन कर." फोन मी करायची, बहुतेक रविवारी, जेवताना. त्या तिकडून कुठल्या कुठल्या किड्यांची वर्णनं करायच्या आणि मी इकडे भात कालवत ऐकायची.

एका उन्हाळ्यात फोन संदेशने उचलला. आई अंगणात काम करता करता गेली, म्हणाला. फार त्रास झाला नाही. तो गावाहूनच बोलत होता. मग त्याने विचारलं, "ती मुलुंडला जिथे जायची, ती जागा मला दाखवाल का?"

तो आला तो रविवारी सकाळी, ऑफिसचे बूट घालून. खालच्या वाटेवर कुणीतरी माशांचं पाणी ओतलं होतं, वर निळ्या माश्या. त्याने नाकाला रुमाल लावला आणि पूर्ण चढ तो रुमाल काढला नाही. पँटला घाणेरीचे काटे अडकत होते, तो थांबून एकेक सोडवत होता. सुहास आणि बाकीची मंडळी लांब दुसऱ्या तुकड्यावर होती. मी त्याला आधी खालच्या जागेवर नेलं. भाऊंच्या रोपांपैकी बहुतेक मेली होती. काळ्या पिशव्या आणि बांबूच्या काठ्या राहिल्या होत्या, त्या आम्हीच वेचल्या. जी गिरिपुष्पं जगली होती, ती मी एकेक करून उपटली होती, सुहासला न सांगता.

संदेशने सगळीकडे पाहिलं. वाळलेलं गवत, कुड्याची गुडघाभर रोपं, दोन-चार दगड, फुलपाखरं. पलीकडे घाणेरीची भिंत.

"इथे तर काहीच नाही," तो म्हणाला.

"हो," मी घाणेरीकडे हात केला. "आधी ते होतं."

तो त्या भिंतीकडे बघत राहिला. मग मोकळ्या जमिनीकडे. कड्याच्या बाजूने वाऱ्याबरोबर तो सडका वास आला. वरचे सुरण फुलले होते. त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं काय आहे ते. त्याच्या आईने खांद्यावरच्या शालीतून त्यांना वर नेलं होतं हे सांगितलं. ती क्लिप त्याने पाहिली होती. ऑफिसात त्याला सगळ्यांनी दाखवली होती, आणि ही आपली आई आहे असं त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, असं तो म्हणाला.

"ती बसायची कुठे इथे?"

"बसायच्या नाहीत."

"घरीपण नाही बसायची," तो म्हणाला.

मग तो एकटाच वर गेला. माझं झुडूप अर्धं राहिलं होतं, मी कामाला लागले. काही वेळाने मान वर केली तर तो कड्याखाली त्या फुलांजवळ उभा होता. माश्या त्याच्या बाहीवर बसत होत्या आणि तो त्यांना हाकलत नव्हता. रुमाल नाकावर नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी माणूस उभा राहतो, झोप मोडू नये म्हणून जवळजवळ श्वासही न घेता, तसा तो उभा होता.